हौशी मोटार शर्यतींतील वाढीव वजन: भार गाडीवर टाकायचा की चालकावर?

चौथा गिअर (धागाकर्ता):

वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या एकाच वर्गात धावू लागल्या की त्यांच्यात बरोबरी आणण्यासाठी आयोजकांच्या हाती सर्वांत स्वस्त साधन असते ते वजन. इंजिनाला हात लावावा लागत नाही, महागडे सुटे भाग घ्यावे लागत नाहीत. पोलादाची किंवा शिशाची पाटी शेजारच्या आसनाच्या जागी बोल्टांनी आवळली की काम झाले. हे इतके सोपे असल्यामुळेच त्याचा वापर फार सैल हाताने होतो, असे माझे मत आहे. त्यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त आमच्या वर्गातील एका निर्णयाचे आहे. या वर्गात १६०० सीसीच्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आणि १८०० सीसीच्या रिअर-व्हील ड्राइव्ह टू-सीटर गाड्या एकत्र धावतात. हंगामाच्या मध्यावर तांत्रिक समितीने एका हॅचबॅकवर ४० किलो वजन चढवले आणि कारण दिले ते एवढेच की ती गाडी सतत जिंकत आहे. त्याच बनावटीच्या बाकीच्या हॅचबॅकना मात्र एक किलोही लागला नाही. मी स्वतः टू-सीटर चालवतो, म्हणजे या निर्णयाचा लाभ थेट मला होतो, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही तो निर्णय मला पटत नाही.

त्या चालकाने मोठ्या मनाने आपल्या डेटा लॉगरची (गाडीचा वेग, ब्रेक, थ्रॉटल यांची सतत नोंद ठेवणाऱ्या उपकरणाची) नोंद मला दिली आणि मी ती माझ्या नोंदीवर ठेवून पाहिली. सरळ रस्त्याच्या शेवटी आम्हा दोघांचा वेग जवळपास सारखाच आहे. ब्रेक दाबण्याची जागाही सारखीच. फरक पडतो तो एका लांब उजव्या वळणात. तेथे तो ब्रेक माझ्याआधी सोडू लागतो, वळणातील त्याचा किमान वेग माझ्यापेक्षा जास्त राहतो आणि थ्रॉटल तो एकदाच उघडतो व उघडाच ठेवतो. माझ्या थ्रॉटलच्या रेषेत वळणाच्या मध्यावर एक खाच आहे, कारण मी पाय दाबतो, गाडी बाहेर सरकते, पाय उचलतो आणि पुन्हा दाबतो. त्याच्या रेषेत ती खाच नाही. मग समितीने त्याला दिलेले ४० किलो नेमके कशाबद्दल आहेत? त्याच बनावटीच्या इतर हॅचबॅक रांगेच्या मध्यावर किंवा त्याहून मागे संपवतात, हे पाहिले तर उत्तर अवघड नाही.

येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जात आहेत. एका बनावटीची गाडी दुसरीपेक्षा मुळातच वेगवान असेल, तर त्या बनावटीचे किमान वजन वाढवणे ही यांत्रिक दुरुस्ती झाली आणि ती त्या बनावटीच्या प्रत्येक गाडीला लागू व्हायला हवी. विजेत्यावर भार टाकून पुढची शर्यत चुरशीची करणे ही निराळी गोष्ट आहे. तिला इंग्रजी शर्यतविश्वात सक्सेस बॅलास्ट म्हणतात आणि ती उघडपणे मनोरंजनासाठी असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. पण दुसरीचे काम पहिलीच्या नावाखाली करणे हा अन्याय आहे.

व्यावसायिक शर्यतींमधील ज्या ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’चा, म्हणजे वेगवेगळ्या बनावटींच्या गाड्या बरोबरीत आणण्याच्या पद्धतीचा दाखला आमच्या समितीने दिला, तोही बनावटीलाच लागू होतो. २००६ मध्ये स्पोर्ट्स कारचा जीटी३ वर्ग सुरू झाला तेव्हापासून हीच रीत आहे. २०२३ च्या ल माँ या २४ तासांच्या शर्यतीच्या काही दिवस आधी टोयोटावर ३७, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पोर्शवर ३ किलो वजन वाढवण्यात आले, त्यावर बराच गदारोळ झाला आणि शर्यत अखेर फेरारीने जिंकली. त्या निर्णयाची वेळ योग्य होती का, यावर वाद होऊ शकतो. परंतु टोयोटाच्या दोन गाड्यांपैकी जी अधिक वेगवान तिलाच ३७ किलो द्यावेत, असे तेथे कोणी सुचवले नाही. हौशी शर्यतींतही याची चांगली उदाहरणे आहेत. अमेरिकेतील स्पेक मियाटा वर्गात १.६ लिटर आणि १.८ लिटर इंजिनांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्या एकत्र धावतात. प्रत्येक पिढीचे किमान वजन नियमपुस्तकात छापलेले असते, काहींना इंजिनाच्या हवेच्या मार्गात ताकद कमी करणारी रिस्ट्रिक्टरची चकती बसवावी लागते आणि गाडी कोण चालवतो हा प्रश्न त्या पानावर येतच नाही.

आपणांस काय वाटते?


भरलेली ग्रिड:

धागाकर्त्यांचा युक्तिवाद मुद्देसूद आहे, पण तो पहिल्या तीन क्रमांकांत येणाऱ्या माणसाचा आहे. मी अनेक वर्षे एका हौशी मालिकेच्या आयोजनात आहे आणि आमच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. एकच गाडी सतत जिंकू लागली की हंगामाच्या उत्तरार्धात नोंदण्या कमी होतात. मागच्या रांगेतील लोक स्वतःच्या पदरचे पैसे घालून येतात; निकाल आधीच ठरलेला दिसला की ते घरी बसतात. विजेता चालक कुशल असल्यामुळे जिंकतो की गाडीमुळे, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसते.

सक्सेस बॅलास्ट ही काही आडवळणाची युक्ती नव्हे. ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेत ती वर्षानुवर्षे चालली. २०२२ मध्ये हायब्रिड यंत्रणा आल्यावर वजनाची जागा विजेत्याच्या हायब्रिड वापरावरील मर्यादेने घेतली, म्हणजे साधन बदलले, तत्त्व कायम राहिले. जपानच्या सुपर जीटी मालिकेत जीटी५०० वर्गात मिळवलेल्या प्रत्येक गुणामागे दोन किलो या हिशेबाने भार वाढत जातो, शेवटून दुसऱ्या शर्यतीत तो निम्मा होतो आणि शेवटच्या शर्यतीत सर्व जण विनाभार धावतात. या शेवटच्या तरतुदीकडे लक्ष द्यावे. अजिंक्यपदाचा निकाल भाराने लागू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे, आणि तरीही हंगामभर चुरस टिकते. आम्ही हौशी लोकांनी एवढे केले तर काय बिघडते?


चौथा गिअर:

भरलेली ग्रिड, आपण दिलेले सुपर जीटीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तेथे भाराचे कोष्टक हंगामापूर्वी छापलेले असते. किती गुणांना किती किलो आणि ते कधी उतरणार, हे पहिल्या शर्यतीच्या सकाळी प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे संघ त्याचा हिशेब आपल्या डावपेचांत धरतात. आमच्या समितीने असे काही छापले नव्हते. ४० हा आकडा कोठून आला, तो २५ किंवा ६० का नाही, तो कधी उतरणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले नाही.

शिवाय सर्वांनाच ही पद्धत मानवली असे नाही. जर्मनीच्या डीटीएम मालिकेने अशी वजने २०१७ मध्ये हंगाम चालू असतानाच रद्द केली. भार टाळण्यासाठी एका बनावटीच्या गाड्यांनी निकाल आपसात कसा वाटून घ्यावा, याची गणिते सुरू झाली की प्रेक्षकांना नेमके काय चालले आहे तेच कळेनासे होते. जिंकण्यापेक्षा तिसरे येणे फायद्याचे ठरले, तर मुळात शर्यत कशासाठी?


समीकरण:

न्याय-अन्यायाआधी भौतिकशास्त्राचा मुद्दा मांडतो, कारण वजन वाढवून कोणत्याही दोन गाड्या सारख्या करता येतात हे गृहीतकच चुकीचे आहे.

समजा, ‘अ’ गाडीची चाकांवरील ताकद १४० अश्वशक्ती आणि चालकासह वजन १००० किलो. ‘ब’ गाडीची ताकद १५५ आणि वजन ११२०. एका अश्वशक्तीमागे ‘अ’ला ७.१४ किलो ओढावे लागतात, ‘ब’ला ७.२३. कागदावर बरोबरी, किंबहुना ‘अ’ किंचित सरस. ताशी ८० किलोमीटरला हे खरेही आहे, कारण त्या वेगाला हवेचा विरोध कापण्यात सहा-एक अश्वशक्तीच खर्च होते. पण हा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही गाड्यांचा आकार साधारण हॅचबॅकसारखा धरला, तर ताशी १८० किलोमीटरला सुमारे ६५ अश्वशक्ती केवळ हवा बाजूला सारण्यात जाते. ‘अ’कडे वेग वाढवायला उरतात ७५, ‘ब’कडे ९०. आता उरलेल्या ताकदीला वजनाने भागून पाहा: ‘ब’ गाडी जवळजवळ सात टक्के अधिक जोराने वेग घेते. ज्या गुणोत्तराने आपण त्यांना बरोबरीत आणले, ते गुणोत्तर लांब सरळ रस्त्याच्या उत्तरार्धात खोटे ठरले.

आता वळणाकडे या. टायरवर पडणारा भार वाढला की पकडही वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे राहते. म्हणून जड गाडी त्याच टायरवर वळणात हळू असते, तिचे टायर लवकर तापतात आणि शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांत ती आणखी मागे पडते. ब्रेकचेही तेच. ताशी १८० वरून थांबवायचे तर १००० किलोच्या गाडीची १.२५ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. ४० किलो वाढवले की प्रत्येक वेळी आणखी ५० किलोज्यूल.

याचा अर्थ असा की ताकदवान आणि जड गाडी सरळ रस्त्यावर पुढे जाते, हलकी आणि अशक्त गाडी वळणांत पुढे जाते, आणि वजनाच्या पाट्या कितीही चढवल्या-उतरवल्या तरी हा फरक मिटत नाही, फक्त एका सर्किटवरून दुसऱ्या सर्किटवर सरकतो. वळणावळणाच्या सर्किटवर हॅचबॅक जिंकली म्हणून तिच्यावर ४० किलो टाकले आणि पुढची शर्यत लांब सरळ रस्त्याच्या सर्किटवर आली, तर समितीने तिला दोनदा शिक्षा केली असे होते. धागाकर्त्यांनी सांगावे: ते सतत मिळालेले विजय एकाच प्रकारच्या सर्किटवरचे होते काय?


चौथा गिअर:

होय. हंगामाचा पूर्वार्ध लहान, वळणांच्या सर्किटवर झाला. लांब सर्किट आता येणार आहे. हे समितीला बैठकीत सांगितले होते; ‘सर्किट सर्वांना सारखेच असते’ असे उत्तर मिळाले.


मागची रांग:

त्या उत्तराला दाद द्यावीशी वाटते. पाऊसही सर्वांवर सारखाच पडतो, टायर मात्र वेगवेगळे असतात.


जुना तपासनीस:

मी निवृत्त स्क्रुटिनियर, म्हणजे शर्यतीच्या गाड्या नियमांनुसार आहेत का हे तपासणारा अधिकारी आहे. वजनाच्या न्यायाबद्दल बोलताना ते वजन मोजायचे कसे, इकडे दुर्लक्ष होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला प्रश्न, वजन केव्हाचे? गाडी, चालक, त्याचे हेल्मेट आणि टाकीत उरलेले इंधन यांसह शर्यत संपताक्षणी जे भरेल ते, हा नियम सर्वांत स्वच्छ. इतर प्रत्येक व्याख्येत पळवाट निघाली आहे आणि ती शोधणारे लोक आपल्यापेक्षा फार हुशार होते. फॉर्म्युला वनच्या १९८२ च्या ब्राझील ग्रां प्रीत ब्रेक थंड करण्याच्या नावाखाली पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या. पाणी सुरुवातीलाच सोडून द्यायचे, हलक्या गाडीने शर्यत पळायची आणि वजनापूर्वी टाकी पुन्हा भरायची. पहिला आलेला पिके आणि दुसरा आलेला रोझबर्ग दोघेही बाद झाले. १९८४ मध्ये टिरेल संघाच्या गाडीत शर्यतीच्या शेवटी भरलेल्या पाण्यात शिशाच्या गोळ्या सापडल्या आणि संघाला त्या वर्षीच्या संपूर्ण अजिंक्यपद स्पर्धेतून वगळण्यात आले. २००५ मध्ये सान मरिनोच्या शर्यतीत बीएआर संघाच्या गाडीतील सगळे इंधन काढल्यावर ६०० किलोंच्या मर्यादेऐवजी ५९४.६ किलो भरले. संघाचे म्हणणे होते की तेवढे इंधन इंजिनाला लागतेच, पण ते मान्य झाले नाही आणि पुढच्या दोन शर्यतींची बंदी आली. आणि दर वेळी लबाडीच असते असेही नाही. २०२४ मध्ये बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल पहिला आला, त्याची गाडी ७९८ किलोंच्या मर्यादेखाली दीड किलो भरली आणि विजय गेला. नियम कडक असला की तो सज्जनालाही लागतो, यात मला गैर काही वाटत नाही.

दुसरा प्रश्न, काटा कोणाचा? चार चाकांखाली ठेवायच्या चार पाट्यांचा काटा सपाट जमिनीवर लावायला हवा. एखादी पाटी थोडी उंच राहिली तर चार कोपऱ्यांमधली वाटणी बिघडते, बेरीज फारशी बिघडत नाही. बेरीज बिघडते ती शून्य न तपासल्याने आणि उन्हात तापलेल्या काट्याने. म्हणून शर्यतीच्या सकाळी तोच काटा सर्वांना वापरायला मोकळा ठेवावा, म्हणजे संध्याकाळी तक्रार उरत नाही. अनुभवी चालक शेवटच्या फेरीनंतर मुद्दाम नेहमीच्या मार्गाबाहेर जाऊन ट्रॅकवर पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून वजन वाढवून आणतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एकदा वजनाच्या रांगेत उभे राहून टायर पाहावेत.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे नियम सांगतात की भार घट्ट व अखंड ठोकळ्यांचा असावा, अवजारांशिवाय निघू नये, केबिनच्या तळाशी दिसेल असा बसवावा आणि त्यावर सील लावता यावे. त्यामागे कारण आहे. जोराच्या धडकेत २५ जी (गुरुत्वाच्या पंचवीस पट) एवढा झटका बसला, तर ४० किलोची पाटी क्षणभर एक टन वजनाच्या जोराने बोल्ट उपटू पाहते. तळाच्या पातळ पत्र्याखाली रुंद पाटी न देता केवळ वॉशरवर आवळलेला भार मी स्वतः हाताने हलवून पाहिला आहे, आणि त्या गाडीला मी ट्रॅकवर जाऊ दिले नव्हते. समितीने सकाळी वजन जाहीर करायचे आणि संघाने दुपारपर्यंत ते कसेबसे अडकवायचे, हा प्रकार मला न्यायाच्या प्रश्नापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.


हलका चालक:

तपासनिसांनी चालकासह वजनाचा उल्लेख केला म्हणून विचारतो. माझे वजन कमी आहे, त्यामुळे मला गाडीत भार घालावा लागतो. तो मी तळाशी, हव्या त्या जागी बसवतो. माझा धिप्पाड सहकारी स्वतःचे तेवढेच वजन आसनावर, उंच आणि एका बाजूला घेऊन बसतो. एकूण वजन सारखे, पण फायदा मला होत नाही काय?


जुना तपासनीस:

होतो. फॉर्म्युला वनने २०१९ मध्ये नेमके हेच ओळखून चालक आणि आसन यांचे मिळून स्वतंत्र किमान वजन ८० किलो ठरवले आणि कमी पडणारा भार आसनाजवळच ठेवण्याची सक्ती केली. तोपर्यंत उंच चालक उपाशी राहून वजन उतरवत होते. हौशी वर्गात एवढी बारकाई परवडत नसेल, तर चालकाच्या कमतरतेचा भार शेजारच्या नव्हे, चालकाच्याच आसनाच्या पायाशी बसवावा एवढा नियम पुरेसा आहे.


समीकरण:

भाराच्या जागेचा मुद्दा चालकापुरता नाही. मूळ प्रश्नातील हॅचबॅकच घ्या. १००० किलोंपैकी साधारण ६२० किलो पुढच्या चाकांवर असतात, ही अशा गाड्यांची जन्मजात अडचण. त्या ४० किलोंची पाटी मागच्या ॲक्सलच्या वर बसवू दिली, तर पुढचा वाटा ६२ टक्क्यांवरून साठाच्या आत येतो आणि गाडी वळणात शिरताना बाहेरच्या बाजूला कमी सरकते. चालकाच्या विरुद्ध बाजूला बसवली, तर डावी-उजवी वाटणीही सुधारते. म्हणजे दंड म्हणून दिलेल्या वजनाचा काही भाग दंडित चालक वसूल करून घेतो, आणि ते कसे करावे हे कुशल चालकालाच ठाऊक असते. आमच्या एका परिचित संघाने अधिक वजन लागल्यावर तक्रार न करता शांतपणे पाटी मागे सरकवली होती, तेव्हाच मला शंका आली होती.

वजनाची जागा नियमात लिहिलेली नसेल, तर वजनाचा आकडा अर्धाच नियम आहे.


ब्रूकलँड्सप्रेमी:

चर्चा वजनाभोवतीच फिरते आहे, म्हणून थोडे इतिहासात जातो. १९०७ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर दोन महायुद्धांच्या दरम्यान बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असत, पण तेथे गाड्यांवर वजन चढवत नसत. एबलव्हाइट नावाचे अधिकारी प्रत्येक गाडीचा मागचा वेग पाहून तिला सुरुवातीचे सेकंद ठरवून देत. मंद गाडी आधी सुटे, सर्वांत वेगवान गाडी सर्वांत शेवटी, आणि गणित बरोबर आले असेल तर शेवटच्या रेषेवर सगळ्या एकत्र येत. १९२८ ते १९३६ या काळात उत्तर आयर्लंडमधील आर्ड्सच्या रस्त्यांवर झालेल्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतींतही हँडिकॅपच होता.

या पद्धतीचे दोन गुण मला मोठे वाटतात. गाडी जशी आहे तशी धावते, तिचे ब्रेक आणि टायर बिघडत नाहीत, कोणाच्या केबिनमध्ये शिशाचा ठोकळा बसत नाही. आणि हँडिकॅप उघडपणे चालक व गाडी या जोडीला दिलेला असतो. तो गाडीला दिल्याचे सोंग कोणी करत नाही. मागच्या रांगेतील माणसाला जिंकण्याची संधी द्यायची असेल तर हौशी मालिकेत दिवसाच्या दोनपैकी एक शर्यत अशी ठेवता येईल. दुसरी नेहमीसारखी आणि अजिंक्यपदाचे गुण फक्त तिचे.


भरलेली ग्रिड:

ही सूचना मला आवडली, हे मोकळेपणाने सांगतो. मात्र एक अडचण आहे. वेगात मोठा फरक असलेल्या गाड्या शेवटच्या फेरीत एकत्र आणणे म्हणजे सर्वांत वेगवान चालकाला अख्ख्या रांगेतून वाट काढायला लावणे. रुंद ट्रॅकवर हे ठीक, अरुंद हौशी सर्किटवर किती पत्रे चेपतील याचा विचार करावा लागेल. आणि सेकंद ठरवून देणारा माणूस विश्वासाचा हवा. चालक आधीच्या शर्यतीत मुद्दाम हळू चालले तर?


मागची रांग:

मुद्दाम हळू चालण्याचा रोग वजनाच्या पद्धतीतही तेवढाच आहे. आमच्या वर्गात हंगामापूर्वीच्या चाचणीत सगळेच अचानक म्हातारे होतात, थ्रॉटल अर्धाच दाबतात आणि समिती त्या आकड्यांवर वजने ठरवते. डायनोवरही (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरही) तेच. टायरमधील हवा, पट्ट्यांचा ताण, कोणत्या गिअरमध्ये मोजले आणि ईसीयूत (इंजिनाच्या नियंत्रक संगणकात) कोणती मांडणी चालू होती, यावर आकडा हलतो. त्यातही फक्त उच्चांकी अश्वशक्ती पाहिली, तर इंजिनाच्या बहुतेक सर्व फेऱ्यांवर ताकद देणारी, रुंद आलेखाची गाडी आणि एका टोकावर उसळणारी गाडी सारख्याच ठरतात. अमेरिकेतील नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनच्या सुपर टूरिंग वर्गांत म्हणूनच आलेखावरील ताकदीची सरासरी धरतात, ते मला जास्त पटते.

आणि एक खरे सांगतो. मी नेहमी मागून दुसरा-तिसरा येतो. पहिल्या गाडीवर ४० काय ८० किलो टाकले तरी मी मागून दुसरा-तिसराच येणार आहे. आमच्या नावाने ही वजने वाटू नयेत.


चौथा गिअर:

मागची रांग यांच्या शेवटच्या परिच्छेदानंतर माझ्या मूळ मांडणीत भर घालण्यासारखे फार नाही, म्हणून आता प्रत्यक्ष काय मागावे ते लिहितो. वार्षिक सभेत पुढील मसुदा ठेवण्याचा विचार आहे.

किमान वजन बनावटीचे असेल, नावाने कोणत्याही एका गाडीला दिले जाणार नाही. हंगामाच्या मध्यावर एकदाच, आधी ठरलेल्या तारखेला ते बदलता येईल. त्यासाठी लहान आणि लांब अशा दोन्ही प्रकारच्या सर्किटवरील नोंदी लागतील आणि नोंदी निकालांच्या नव्हे, सेक्टरच्या (सर्किटच्या एकेका टप्प्याच्या) वेळांच्या व सरळ रस्त्यावरील वेगाच्या असतील. एका वेळी बदल किती किलोंपर्यंत, ती मर्यादा आधीच छापलेली असेल. बदलाबरोबर त्याचे लेखी कारण आणि पाटी बसवण्याची जागा दिली जाईल. बदल जाहीर झाल्यापासून पुढच्या शर्यतीपर्यंत पाटी नीट बसवण्याइतका अवधी असेल. हा मुद्दा तपासनिसांच्या प्रतिसादामुळे सुचला. आणि समितीचा जो सदस्य त्याच वर्गात गाडी चालवतो, तो त्या वर्गाच्या वजनावर मत देणार नाही. या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त विरोध होईल, असा माझा अंदाज आहे.

वजनाचा परिणाम किती होतो हे तर्काने ठरवण्यापेक्षा चाचणीच्या दिवशी मोजता येईल. एकच चालक, टायरचा एकच संच, आधी विनाभार, मग भारासह, मग पुन्हा विनाभार. तिसरी फेरी न घेतल्यास टायर झिजल्याने वाढलेली वेळ वजनाच्या खात्यावर जमा होते.


भरलेली ग्रिड:

मसुदा चांगला आहे. मतदानाच्या कलमाला माझा विरोध नाही, पण लहान मालिकेत समितीवर येणारे लोक गाडी चालवणारेच असतात. ते सगळे बाजूला झाले तर मत देणार कोण? दुसऱ्या वर्गातील चालकांनी या वर्गाचे आणि या वर्गातील चालकांनी दुसऱ्याचे वजन ठरवावे, अशी अदलाबदल लिहून पाहा. खरी अडचण लॉगरची आहे. प्रत्येक गाडीत तो बसवायचा खर्च आमच्या लोकांना झेपणार नाही, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा आहे ते आपली नोंद समितीला देतील याची खात्री नाही.


जुना तपासनीस:

प्रत्येक गाडीत बसवू नका. समितीने दोनच विकत घ्यावेत, सील लावून घ्यावेत आणि शर्यतीच्या सकाळी चिठ्ठी काढून कोणत्याही दोन गाड्यांत बसवावेत. नकार दिला तर निकाल धरायचा नाही. आपल्या गाडीत आज लॉगर येईल की नाही हे ठाऊक नसले की अर्ध्या थ्रॉटलवर चालवणाऱ्यांची पंचाईत होते. बसवायची जागा आणि तारा मात्र सर्व गाड्यांत आधीच तयार हव्यात, नाहीतर सकाळचा सगळा वेळ त्यातच जाईल.